भाचीचं नाव ठरवायचंय: अर्थ, उच्चार आणि दाखल्यावरचं स्पेलिंग

समिना_कुर्ला
सलाम आणि नमस्कार सगळ्यांना. भावाला मुलगी झालीये. अकीक्याच्या (बाळ जन्मल्यावर बकरा कापून करतात त्या विधीच्या) आत नाव पक्कं करायचंय. घरातून तीन नावं पुढे आली आहेत: सुमैया, मिरहा आणि इनाया. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये तिन्हींचे अर्थ छानच दिसतात, पण एकाच नावाला चार अ‍ॅपमध्ये चार अर्थ आहेत. खरा अर्थ कसा तपासायचा? शिवाय मराठीत, उर्दूत आणि इंग्रजीत नाव वेगवेगळं लिहिलं गेलं तर पुढे कागदपत्रांत त्रास होतो असं ऐकलंय. घर कोकणी आहे, आडनाव कोकणी पद्धतीचंच लागेल. जाणकारांनी सविस्तर सांगावं.

उर्दूवाचक
मुबारक हो समिनाताई. अर्थ तपासायची सुरुवात देवनागरीतून किंवा रोमनमधून करूच नका. आधी नाव उर्दू-अरबी अक्षरांत लिहून घ्या, कारण अर्थ त्या अक्षरांत असतो. आपल्याकडे 'झ' किंवा 'ज' एवढंच लिहिलं जातं, पण तिकडे झे, झाल, झाद आणि झोय अशी चार अक्षरं आहेत. 'स'साठी सीन, साद आणि से अशी तीन. 'ह' दोन, 'त' दोन, 'क' दोन. अलिफ आणि ऐन तर मराठीत दोन्ही 'अ'च होतात.

याचा परिणाम काय होतो ते बघा. आसिया हे फिरऔनच्या, म्हणजे मिसरच्या राजाच्या, बायकोचं नाव. ईमानवाल्या स्त्रियांत तिचं स्थान फार वरचं आहे. हे नाव अलिफ आणि सीनने लिहितात. ऐन आणि सादने लिहिलं की त्याच उच्चाराचा अर्थ होतो 'आज्ञा मोडणारी'. हजरत उमर यांच्या मुलीचं हे ऐन-सादवालं नाव पैगंबरांनी (स.) बदलून जमिला ठेवलं, अशी सहीह मुस्लिम या ग्रंथात हदीस (पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची नोंद) आहे. देवनागरीत दोन्ही 'आसिया'च. म्हणून मौलवींना विचारतानासुद्धा तोंडी नाव सांगू नका, कागदावर लिहून दाखवा.

मुलांच्या नावातलं उदाहरण हारिस. 'से'ने लिहिलं तर शेती करणारा, कमावणारा. हदीसमध्ये ज्यांना सर्वांत खरी नावं म्हटलंय त्यांतलं हे एक. 'सीन'ने लिहिलं तर पहारेकरी, तेही चांगलंच. पण 'हरीस', म्हणजे ह ऱ्हस्व, री दीर्घ आणि शेवटी साद, असं झालं की अर्थ लोभी. रोमनमध्ये तिन्ही जवळजवळ एकसारखीच दिसतात.

निलांबरी
उर्दूवाचक, फारच उपयोगी माहिती. एक शंका. मूळ अक्षर कळलं तरी अर्थ कुठे बघायचा? सगळ्यांनाच अरबी येत नाही.

उर्दूवाचक
धातू बघायचा. बहुतेक अरबी नावांमागे तीन अक्षरांचा धातू असतो. 'हमद' म्हणजे स्तुती, तो ह-म-द. त्यातून हामिद (स्तुती करणारा), हमीद (स्तुत्य), महमूद (ज्याची स्तुती झाली तो), मुहम्मद आणि अहमद ही सगळी नावं निघाली. एवढं कळलं की हामिद आणि हमीद ही दोन निराळी नावं आहेत हेही लक्षात येतं आणि दाखल्यावर वेलांटी का महत्त्वाची तेही. आमिना आणि अमीना यांचंही तसंच. आमिना म्हणजे सुरक्षित, निर्धास्त, पैगंबरांच्या आईचं नाव. अमीना म्हणजे विश्वासू.

मोहम्मद अली रोडवरच्या पुस्तकांच्या दुकानांत उर्दू शब्दकोश सहज मिळतात. 'इस्लामी नावं' अशा छोट्या पुस्तिकाही मिळतात, पण घेताना एक बघा: नावापुढे मूळ लिपीतलं रूप जेरजबरसकट (स्वरांच्या खुणांसकट) छापलेलं आहे का. नसेल तर ती पुस्तिका अ‍ॅपइतकीच कामाची.

डोंगरी_२
सना या नावाचं पण असंच आहे ना? आमच्या बाजूला दर तिसऱ्या घरात एक सना.

उर्दूवाचक
हो. 'से'ने लिहिली तर स्तुती, 'सीन'ने लिहिली तर तेज, झळाळी. दोन्ही सुंदर. पण घरच्यांनी कुठली ठेवली ते ठरवून घ्यावं, नाहीतर निकाहनाम्यात एक आणि मदरशाच्या दाखल्यावर दुसरी उमटते. नझीरचं तर विचारूच नका. झालने लिहिला तर सावध करणारा, झोयने लिहिला तर तोड, उदाहरण. आणि नाझिर म्हणजे बघणारा, देखरेख करणारा. कोर्टातला आपला 'नाझर' तो हाच.

झाहिदा_आपा
समिना बेटा, मुबारक. आता तुझ्या तीन नावांकडे येते.

मिरहाबद्दल जपून. हल्ली हे नाव फार चाललंय आणि त्याचे गोड गोड अर्थ फिरतात. पण मीम-रे-हे हा धातू कुरआनात आलाय तो सूरह बनी इस्राईलच्या ३७व्या आणि सूरह लुकमानच्या १८व्या आयतीत: जमिनीवर 'मरहन', म्हणजे तोऱ्यात, ताठ्याने चालू नका. भाषेत या धातूला आनंदाने बेभान होणं हीही छटा आहे, म्हणून काही जण ते चालवून घेतात. पण जिथे मनाई आलीये त्याच धातूचं नाव मुलीला कशाला? चांगल्या नावांची काय कमी आहे?

इनाया चांगलं आहे. ऐन-नून-ये. आपल्या ओळखीच्या 'इनायत'चंच कूळ: काळजी घेणं, कृपादृष्टी. पण सुरुवातीला जेर आहे, म्हणजे 'इ'. लोक 'अनाया' म्हणतात आणि तसंच लिहितात, ते टाळा. 'अनया' हे मराठी घरांतलं स्वतंत्र नाव आहे. शाळेत हजेरी घेताना बाई अनयाच म्हणणार आणि मुलगी तशीच लिहायला शिकणार.

सुमैयाबद्दल मी काय सांगू! इस्लामच्या इतिहासातल्या पहिल्या शहीद त्या. अम्मार यांच्या आई. छळ सोसला पण ईमान सोडलं नाही. अशी निसबत असलेलं नाव घरात आपोआप आलंय तर माझा कौल त्यालाच.

अनिकेत_गिरगाव
आपा, 'निसबत' म्हणजे त्या व्यक्तीशी नातं, असं ना? मग एक विचारतो. नावाचा अर्थ मोठा की ते नाव ज्यांचं होतं ती व्यक्ती मोठी? तल्हा म्हणजे एक झाड असं कुठेतरी वाचलं. मग ते 'अर्थपूर्ण' नाव कसं?

झाहिदा_आपा
प्रश्न अगदी मुद्द्याचा. सहाबांच्या, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्यांच्या, नावांत निसबत आधी, शब्दार्थ मागाहून. तल्हा एक काटेरी झाड, खरंच. खदिजाच्या धातूत दिवस भरण्याआधी जन्मणं आहे. फातिमाच्या धातूत बाळाला अंगावरून तोडणं आहे. पण फातिमा म्हटल्यावर कुणाच्या मनात दूध तोडणं येतं? म्हणून अ‍ॅपमध्ये खदिजाचा अर्थ बघून 'हे नको' म्हणणाऱ्यांना समजावून सांगावं लागतं.

आणि सहाबांपैकी बहुतेकांची नावं इस्लामच्या आधीचीच होती, ती तशीच राहिली. बदलली ती वाईट अर्थाची किंवा स्वतःचा मोठेपणा सांगणारी. बर्रा म्हणजे पुण्यशील, तिचं नाव जैनब ठेवलं, कारण स्वतःच स्वतःची पवित्रता सांगू नये. 'राजांचा राजा' या अर्थाचं नाव तर सर्वांत वाईट म्हटलंय. तेव्हा शहेनशाह हे नाव ठेवू नये, हौसेनेसुद्धा.

माहीमकर
आपांशी सहमत, फक्त एक भर. नाव अरबीच हवं असं नाही. परवीन फारसी, म्हणजे कृत्तिकांचा तारकापुंज. शहनाज, महनूर, फिरोज, नर्गिस सगळी फारसी, आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. अट एवढीच की अर्थ चांगला असावा आणि दुसऱ्या धर्माच्या उपासनेशी जोडलेला नसावा.

उलट कुरआनात शब्द आहे म्हणून तो नाव म्हणून चालेल असंही नाही. कौसर, तस्नीम, सलसबील, सिद्रा, तूबा, रैहान, फिरदौस हे सगळे कुरआनातले आणि सुंदर. पण तिथेच 'अबतर' (निर्वंश) आहे, 'खन्नास' (मनात वाईट भरवून मागे सरणारा सैतान) आहे. मुसहफ, म्हणजे कुरआनाची प्रत, उघडून बोट ठेवलं तो शब्द घेतला, ही पद्धत धोक्याची. आयत काय सांगते ते वाचायला हवं. आणि झानियासारखी नावं, कानाला सानिया-दानियाच्या बहिणी वाटतात म्हणून ठेवली जातात. शब्दकोश उघडून बघा, मुलीला हाक मारायची लाज वाटेल असा अर्थ आहे.

डोंगरी_२
झोयाचं काय? माझ्या माहितीत ते अरबी नाही.

माहीमकर
नाहीच. ग्रीकमधून रशियनमार्गे आलेलं, अर्थ जीवन. अर्थात वावगं काही नाही, ठेवावं. पण 'अरबीत अर्थ अमुक' असं सांगणारं अ‍ॅप खोटं सांगतंय. अलिझा हिब्रू, आनंदी या अर्थाचं. मूळ कुठलं ते मुलीला पुढे खरं सांगता यावं, एवढंच माझं म्हणणं.

वॉर्डातला_जाणता
अर्थाचं झालं असेल तर कागदाचं सांगतो, कारण चूक झाल्यावर लोक येतात आणि तेव्हा फार काही करता येत नाही.

जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९चा. जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची. इस्पितळात जन्म झाला तर ते काम इस्पितळ करतं आणि नोंद त्या भागातल्या महापालिकेच्या वॉर्डकडे जाते. त्या वेळी बाळाचं नाव दिलं नाही तरी नोंद होते, नावाचा रकाना कोरा राहतो. कलम १४ त्यासाठीच आहे. बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. म्हणजे इस्पितळातून सुट्टी मिळायच्या घाईत अर्धवट ठरलेलं नाव लिहून देण्याची काही गरज नाही. रकाना कोरा ठेवा, नीट ठरवा, मग जा.

एकदा नाव घातलं की ते मनात आलं म्हणून बदलता येत नाही. कलम १५ खाली दुरुस्ती होते ती चुकीच्या नोंदीची, आणि तीसुद्धा मूळ नोंद तशीच ठेवून समासात शेरा मारून. 'मिरहा ठेवलं होतं, आता अर्थ कळला' ही चुकीची नोंद धरली जात नाही. मग राजपत्राचा रस्ता उरतो. चर्नी रोडला शासकीय मुद्रणालय आहे, अर्ज ऑनलाइन होतो, आणि पुढे प्रत्येक कागदाबरोबर ते राजपत्र जोडत बसावं लागतं.

१ ऑक्टोबर २०२३पासून हे आणखी महत्त्वाचं झालंय. त्या तारखेपासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, आधार, विवाह नोंदणी या सगळ्याला जन्मदाखला हाच पुरावा. पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावाही फक्त तोच. आधी शाळेच्या दाखल्यावर वेगळं नाव असलं तरी निभावायचं, आता पहिलाच कागद बरोबर असावा लागतो.

समिना_कुर्ला
केवढी माहिती दिलीत सगळ्यांनी, मनापासून आभार. रकाना कोरा ठेवता येतो हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. जाणता साहेब, स्पेलिंगचं पण सांगा ना.

वॉर्डातला_जाणता
आपल्याकडे दाखल्यावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही असतं. दोन्ही रूपं तुम्ही स्वतः कागदावर ठळक, सुट्ट्या अक्षरांत लिहून द्या. तोंडी सांगितलं की लिहिणारा त्याच्या कानाप्रमाणे लिहितो. झैनब, जैनब, जैनाब, तिन्ही मी पाहिलेत, आणि रोमनमध्ये पहिलं अक्षर कुठे झेड तर कुठे जे. दाखला हातात आला की खिडकीवरच वाचा: वेलांटी, जोडाक्षर, आईचं नाव, आडनाव, जन्मतारीख. तिथल्या तिथे लक्षात आलं तर बरंच सोपं जातं.

सुमैयाचं सांगायचं तर मराठीत सुमैया आणि सुमय्या दोन्ही लिहितात. रोमनमध्ये चार-पाच रूपं चालतात. शेवटी दोन वाय असलेलं रूप मूळ उच्चाराला जवळचं, कारण मूळ लिपीत तिथे तशदीद (अक्षर दुहेरी उच्चारायची खूण) आहे. मुंबईत ए-आय-वाय-ए वालं जास्त दिसतं. कुठलंही घ्या, पण एकच घ्या, आणि जन्मदाखला, आधार, लसीकरण कार्ड, पासपोर्ट सगळीकडे तेच. बाळाचं आधार काढताना बोटांचे ठसे लागत नाहीत, ते पाचव्या आणि पंधराव्या वर्षी द्यायचे. पण नावात दुरुस्ती आयुष्यात दोनदाच होते, ती पहिल्याच वर्षी स्पेलिंगपायी खर्ची घालू नका.

पनवेलकर
आखाताचा मुद्दा राहिला. कोकणातल्या घरांना तो लागतोच. नोव्हेंबर २०२२मध्ये संयुक्त अरब अमिरातीने एकाच शब्दाचं नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटन आणि व्हिजिट व्हिसा बंद केला. नंतर दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर चालेल असा खुलासा आला. पण आडनावाचा रकाना रिकामा ठेवण्यात अर्थ नाही. आपल्याकडे परकार, मुकादम, काझी, खतीब, देशमुख अशी पिढ्यांची आडनावं आहेत, ती जन्मदाखल्यापासूनच लावा. ज्यांच्यात आडनावाची चाल नाही त्यांनी वडिलांचं किंवा आजोबांचं नाव त्या रकान्यात घालायचं का, हे जन्माच्या वेळीच ठरवावं.

मुलगा असेल तर 'मोहम्मद'चं संक्षिप्त रूप कधीही देऊ नका. एम-ओ-एच-डी एका कागदावर आणि पूर्ण नाव दुसऱ्यावर, म्हणजे परदेशात दोन माणसं. आणि 'मोहम्मद अयान' असं दोन शब्दांचं नाव अर्जात घातलं की संगणकावर मोहम्मद हे नाव आणि अयान हे वडिलांचं नाव, असंही होऊन बसतं. दोन्ही शब्द पहिल्याच रकान्यात गेलेत ना, ते बघायचं.

उर्दूवाचक
पनवेलकरांच्या मुद्द्याला जोडून 'अब्दुल'. अब्दुल हे एकटं नाव होत नाही, त्याचा अर्थ 'अमक्याचा दास' आणि अमका गायब. अब्दुल्लाह आणि अब्दुर्रहमान ही अल्लाहला सर्वांत प्रिय नावं, अशी हदीस आहे. पण हाक मारताना आपण 'ए अब्दुल' म्हणतो किंवा नुसतं 'रहमान' म्हणतो. रहमान, खालिक, रज्जाक, समद ही खास अल्लाहची नावं, माणसाला 'अब्द'शिवाय लावू नयेत. रशीद, करीम, अली, रहीम माणसालाही चालतात.

लिहितानाही गंमत आहे. अरबीत र, स, द, न, त, श वगैरे चौदा अक्षरांच्या आधी 'अल'मधला ल उच्चारात विरून जातो. म्हणून अब्दुर रहमान, अब्दुस समद, पण अब्दुल कादिर, अब्दुल अझीज. मराठीत लोक सरसकट अब्दुल रहमान लिहितात, आणि ते रूढ आहे. मुख्यमंत्री अंतुलेंचं नावही तसंच लिहिलं जायचं. माझं मत विचाराल तर एका शब्दात 'अब्दुर्रहमान' लिहावं, म्हणजे रकान्यात तुटत नाही.

अनिकेत_गिरगाव
थोडं अवांतर होतंय, पण नावावरून जन्मसाल निघतं असं ऐकलंय. ते काय असतं?

उर्दूवाचक
तारीखी नाव. अवांतर आहे, पण इतकं सुरेख की सांगतोच. अरबी अक्षरांना अंक दिलेले आहेत, त्याला अबजद म्हणतात. अलिफ १, बे २, जीम ३, दाल ४ असं करत ये १०, मग दहादहाने काफ २०, लाम ३०, पुढे बडा काफ १००, रे २००, आणि शेवटी गैन १०००. नावातल्या अक्षरांची बेरीज जन्माच्या हिजरी सालाइतकी आली की ते तारीखी नाव. मौलाना आझादांचं तारीखी नाव 'फिरोज बख्त'. फे ८०, ये १०, रे २००, वाव ६, झे ७, म्हणजे ३०३. बे २, खे ६००, ते ४००, म्हणजे १००२. एकूण १३०५, हेच त्यांचं हिजरी जन्मसाल.

आता साल १४००च्या पुढे गेल्याने बेरीज जमवायला खे, झाल, झाद, झोय, गैन अशी जड अक्षरं नावात यावीच लागतात, म्हणून मोजकीच नावं बसतात. तारीखी नाव घरगुती ठेवावं, दाखल्यावर नको. आणि नावाच्या अंकांवरून नशीब सांगणाऱ्यांच्या नादी लागू नये, त्याला दीनमध्ये काही आधार नाही.

निलांबरी
वा! हे आम्हाला शाळेत का नाही शिकवलं! बरं, मुस्लिम आणि हिंदू दोन्ही घरांत चालणारी नावं किती आहेत. समीर, कबीर, साहिल, सारा. आमच्याकडे समीर म्हणजे वारा.

माहीमकर
अरबीत समीर म्हणजे रात्री गप्पांना सोबत करणारा. उच्चार जवळचा, मूळ वेगळं, दोन्ही गोड. कबीर मात्र अल्लाहच्या नावांपैकी आहे, माणसालाही वापरतात, पण 'अब्दुल कबीर' जास्त योग्य.

मराठी कानाचा मुद्दा मात्र खरंच बघावा. घरातल्या मुलांत आणि शाळेत नावाची काय मोडतोड होईल ते बोलून बघा. उमामा हे पैगंबरांच्या नातीचं नाव, पण वर्गात 'मामा' होणार. रुमैसाचं 'म्हैस' करणारी पोरं असतातच. म्हणून नाव टाळा असं नाही, आईवडिलांनी तयारीत असावं.

फातेमा_भेंडीबाजार
आमच्या दाऊदी बोहरा लोकांत छठीला, म्हणजे सहाव्या दिवशी, नाव ठेवतात आणि नाव सय्यदना साहेबांकडून (आमच्या धर्मगुरूंकडून) मागवायची पद्धत आहे. मुलींत सकीना, इन्सिया, तस्नीम, मुलांत मुफद्दल, मुर्तझा, ताहेर जास्त. तुमच्याकडे अकीक्याच्या दिवशीच नाव ठेवावं लागतं का?

झाहिदा_आपा
नाही बहीण, त्याच दिवशी असं काही नाही. पैगंबरांनी आपल्या मुलाचं, इब्राहीमचं नाव जन्मल्या रात्रीच ठेवलं होतं. सातव्या दिवसापर्यंत ठेवलं तरी सुन्नतच, म्हणजे पैगंबरांची रीतच.

अकीका शाफई मसलकात (धर्मशास्त्राच्या परंपरेत) सुन्नत-ए-मुअक्कदा, म्हणजे आग्रहाने सांगितलेली सुन्नत, आणि आपले कोकणी बहुतेक शाफईच. हनफी मसलकाच्या घरांत तो मुस्तहब, म्हणजे केला तर चांगला. मुलीसाठी एक बकरा, मुलासाठी दोन, ऐपत नसेल तर एकानेही होतो. सातवा दिवस मोजताना चूक होते ती अशी: आपला दिवस मगरिबला, म्हणजे सूर्यास्ताला, बदलतो. मंगळवारी दिवसा जन्म झाला तर सातवा दिवस सोमवार. मंगळवारी मगरिबनंतर झाला तर तो बुधवारचा जन्म, सातवा दिवस मंगळवार. इस्पितळाच्या कागदावर मात्र तारीख रात्री बारालाच बदलणार, तेव्हा दाखल्यावर तीच राहू द्या, दोन्हींची गल्लत नको. सातवा हुकला तर चौदावा, नाहीतर एकविसावा.

जावळाच्या वजनाइतकी चांदी खैरात करतात. केस घरच्या काट्यावर तोलू नका, तो इतकं हलकं दाखवत नाही. पुडीत बांधून सोनाराकडे न्यायचे, पुडीचं वजन वजा करायचं, त्या दिवसाच्या भावाने रक्कम काढायची.

समिना_कुर्ला
सगळ्यांचे उत्तर वाचून भाऊ-वहिनीला दाखवलं. मिरहा दोघांनीही काढून टाकलं. सुमैया ठरलंय, मराठीत 'सुमैया', रोमनमध्ये मुंबईचं ते रूप. वहिनीला इनाया पण फार आवडलंय. घरात त्या नावाने हाक मारली आणि कागदावर एकच नाव ठेवलं तर चालेल ना? आणि आईचं नाव आता मध्ये लागतं म्हणतात, ते कसं लिहायचं?

झाहिदा_आपा
घरातलं दुसरं नाव अगदी चालेल. अर्थ चांगला असला की झालं.

वॉर्डातला_जाणता
कागदावर एकच, घरात हवी तितकी. 'सुमैया इनाया' असं जोडनाव मात्र दाखल्यावर घालू नका, वडिलांच्या नावाचा घोळ वर पनवेलकरांनी सांगितलाच आहे.

आईच्या नावाचं असं: १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी राज्य सरकारने ठरवलेला क्रम बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा आहे. शाळेच्या आणि इतर शासकीय कागदांत तो लागू होतो. तेव्हा वहिनींच्या नावाचं स्पेलिंग त्यांच्या स्वतःच्या आधारवर जसं आहे तसंच जन्मदाखल्यावर आलंय ना, ते आजच बघून घ्या. लग्नाआधीचं की नंतरचं हा गुंता तिथे नसतो, कारण फक्त पहिलं नाव लागतं. पण इस्पितळाच्या फॉर्मवर घाईत कुणी तरी 'नाझनीन'चं 'नाजनिन' केलेलं असतं. वॉर्डात जाताना दोघांचं आधार, इस्पितळाचं डिस्चार्ज कार्ड आणि नावाची दोन्ही लिप्यांतली चिठ्ठी एवढं बरोबर ठेवा.